फुरसुंगीचा फेणे मोठा झाला तेव्हा

कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला १८८७ साली. तेव्हापासून तो आपला पाईप ओढत, खुर्चीत बसून विचार करणारा म्हणूनच लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला. २००९ साली गाय रिचीनं त्याला पडद्यावर ठोसे मारायला लावलं आणि जुने वाचक रुसले. खरं तर मूळ होम्सही चांगला मुष्टियोद्धा होता, पण ते कोण लक्षात ठेवतो!

आपल्याकडे हेच झालं २०१७ साली. आदित्य सरपोतदार यांचा 'फास्टर फेणे' आला.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) जन्मानं इंदूरचे. त्यांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात आलेला. अंगात मांस नाही, पायाखाली सायकल आणि तोंडात 'ट्टॉक'. वाईरकरांच्या चित्रांतला तो काटकुळा पोरगा ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. अमरावतीला मी ऑफ तासाला वर्गात ही पुस्तकं मोठ्यानं वाचायची. आमच्या पोरांना पुणं म्हणजे परदेशच. एकदा एकानं विचारलं, "बाई, हे फुरसुंगी कोठी आलं वो?" मी नकाशावर बोट ठेवलं, तर म्हणाला, "म्हणजे खेड्यातलंच पोट्टं हाय ना थे!" त्या दिवसापासून फेणे आमच्या वर्गाचा झाला. (अरनाळकरांचा झुंजार मात्र मुलं दप्तरात लपवून वाचायची. मीही पाहून न पाहिल्यासारखं करायची.)

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला होता, तो शाळकरीच होता. २०१७ चा अमेय वाघ मात्र मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक मुलगा मरतो, त्यानं आत्महत्या केली असं सांगतात, आणि बनेशला ते पटत नाही. समोर गिरीश कुलकर्णींचा आप्पा, परीक्षांचा काळा बाजार चालवणारा. पळापळ, हाणामारी, सगळं आहे. आमच्या पिढीतले काही जण म्हणाले, हा आमचा फेणे नव्हे.

मला पळापळ खटकली नाही. मूळचा फेणेसुद्धा एका जागी कधी बसला होता? फरक पडला तो भीतीचा. भागवतांच्या गोष्टींत संकट असतं, पण वाचताना पोटात गोळा येत नाही, कारण गोष्ट संपल्यावर पोरगा सायकलवरून परत येणार हे आपल्याला ठाऊक असतं. चित्रपटात एक पोरगा परत येत नाही.

आणि ही भीती लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही. आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशात २०१३ साली व्यापमचं प्रकरण उघडकीला आलं. हुशार मुलाला परीक्षेत पुढे बसवायचं, त्याला म्हणायचं 'इंजिन', आणि मागून उतरवून काढणारा तो 'बोगी'. २०२४ साली नीटच्या पेपरफुटीचा तपास सीबीआयकडे गेला. अकोल्यात तर क्लासेससाठी बुलढाणा-वाशिमकडची पोरं खोल्या करून राहतात. बापानं कापूस विकून फी भरलेली असते. बहिणीची नात तिथं दोन वर्षं होती. तिनं हा चित्रपट पाहिला आणि फेणेबद्दल चकार शब्द न काढता मला विचारलं, "आजी, आपला नंबर कोणाच्या पुढे येईल हे कोण ठरवतं?" मी मास्तरकीत जन्म काढला, पण पटकन उत्तर सुचेना. शेवटी म्हटलं, तुझं तू लिही. तिला ते अपुरं वाटलं असणार.

म्हणून मला वाटतं, फेणेला मोठं करणाऱ्यांनी त्याच्यासाठी गुन्हा बरोबर निवडला. आजच्या पोरांच्या वाट्याला विमानचोर येत नाहीत, परीक्षा येते.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. भागवत पुस्तकांतही स्वतः फेणेचे स्नेही म्हणून डोकावतात, वॉटसनसारखे. चित्रपटात ते काम दिलीप प्रभावळकरांनी केलंय, आणि बनेश उतरतो तो त्यांच्याच घरी. लेखकानं आपल्या नायकाला जेवायला वाढावं, ही कल्पना मोठी गोड आहे. त्या म्हाताऱ्याच्या घरातले प्रसंग अजून थोडे लांबले असते तरी चाललं असतं.