‘बकिंगहॅमशायर’ : एका सागवानी जहाजाचे चरित्र

बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर बसून जहाजाचा इतिहास लिहावा, हे वाचकांस काहीसे विनोदाचे वाटेल. परंतु १८२५-२६ साली विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईस नेला, तेव्हापासून आमचे त्या बंदराशी नाते जडले आहे. त्या बंदरात बांधलेल्या एका जहाजाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

‘बकिंगहॅमशायर’ हे जहाज १८१६ साली मुंबईच्या गोदीत पाण्यावर उतरले. नाव इंग्लंडातील एका परगण्याचे. आणि गंमत अशी की, त्या परगण्यासही आमच्या जिल्ह्याप्रमाणे समुद्रकिनारा नाही! बांधणारे मात्र जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, व पुढे पिढ्यान्‌पिढ्या गोदीचे मुख्य सुतार याच घराण्यातील झाले. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागाच्या तेलाने ते टिकतात. यास्तव मलबारच्या सागाची जहाजे दीर्घायुषी ठरत, व हेच टेम्स नदीकाठच्या कारागिरांच्या डोळ्यांत खुपे.

सुमारे १,३५० टनांचे हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीच्या चीनकडील व्यापारास लागले. जाताना आमच्या देशाचा कापूस कॅंटनच्या बाजारात न्यावा व येताना चहा भरून लंडन गाठावे, अशी त्या व्यापाराची रीत होती. १८३३ च्या सनदेने चीनच्या व्यापारावरील कंपनीचा मक्ता संपला, कंपनीने आपला जहाजांचा संसार आवरला, व जहाज खाजगी मालकांच्या हाती गेले. १८३९ साली त्याच जहाजातून सुमारे पाचशे स्थलांतरित इंग्लंडाहून दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे उतरले. जेथे पूर्वी चहाच्या पेट्या रचीत, तेथे आता बायकामुलांसह नव्या संसारांची स्वप्ने वसली.

अखेर १८५१ साली कलकत्त्याजवळ हुगळी नदीत त्यास आग लागली व ते जळून नष्ट झाले. वादळे सोसलेले लाकूड पाण्यातच अग्नीस बळी पडावे, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा!

परंतु आमच्या मनास जी गोष्ट बोचते ती निराळीच आहे. १८२३ साली विलायतेच्या पार्लमेंटाने एक कायदा केला. त्यान्वये हिंदी खलाशी, तो ब्रिटिश मुलुखात जन्मला असला तरी, ‘ब्रिटिश नाविक’ गणला जाणार नाही असे ठरले. मलबारचा साग आणि मुंबईचे हात यांनी घडलेले जहाज ब्रिटिश ठरले. दोर ओढणारा लष्कर मात्र परका राहिला! लाकडास जो मान मिळाला तो माणसास मिळाला नाही.

जमशेटजींचीच १८१७ सालची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. तिच्या सागवानी फळ्यांवर हात ठेवून ‘हे मुंबईचे काम’ असे कोणासही म्हणता येते. ‘बकिंगहॅमशायर’ची राख मात्र हुगळीने केव्हाच वाहून नेली. म्हणून निदान कागदावर तरी त्याच्या नावाशेजारी ते घडविणाऱ्यांचे नाव असावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.