सोडावॉटर व कुंडीतील झाडे

दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड विरघळवलेले पाणी, म्हणजे बिनसाखरेचा साधा सोडा, घरातील कुंड्यांना घालून झाडांना जादा कार्बन पुरवण्याचा घरगुती उपाय. त्यामागचा विचार वरवर पाहता बिनतोड वाटतो. झाडाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो, हा कार्बन झाड हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून घेते, आणि सोड्यात तोच वायू भरपूर असतो. इतिहासातही या दोन्ही गोष्टी एकाच माणसापाशी येऊन मिळतात. जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये लीड्स येथील मद्याच्या भट्टीशेजारी राहत असताना पाण्यात हा वायू मुरवला, आणि पुढे १७७१ मध्ये मेणबत्तीने ‘बिघडलेली’ हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा चांगली होते हे दाखवले. झाडाचा कार्बन हवेतून येतो हे मोजमापाने पक्के केले ते मात्र १८०४ मध्ये द सोस्यूर याने. आपल्याकडच्या गोटीसोड्याची बाटली हायरम कॉड याच्या १८७२ च्या पेटंटची. इतकी जुनी आणि स्वस्त वस्तू झाडाला खाऊ म्हणून घालावी, हा मोह समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र तिथेच चुकतो.

एक लिटर सोड्यात साधारण ६ ते ८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड असतो. ६ ग्रॅम धरला तर त्यात कार्बन सुमारे १.६ ग्रॅम. वायूचा एकही बुडबुडा वाया न जाता सगळा झाडात गेला, असे अशक्य गृहीत धरले तरी त्यातून जेमतेम ३.६ ग्रॅम कोरडे द्रव्य तयार होईल. प्रत्यक्षात बाटलीचे झाकण उघडताना आणि पाणी ओतताना बराच वायू निसटतो. उरलेला मातीतून वर येऊन खोलीत मिसळतो. आता खोलीचा हिशेब पाहू. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग या आजच्या प्रमाणाने त्या हवेत साधारण २६ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड आधीच असतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे ३५ ग्रॅम वायू उच्छ्वासातून सोडतो. म्हणजे लिटरभर सोड्याचे काम घरातला एक माणूस दहा मिनिटे नुसता बसून करतो, तेही फुकट. दारे-खिडक्या लावून चार माणसे झोपतात त्या खोलीत पहाटेपर्यंत हे प्रमाण हजाराच्या पुढे सहज जाते. सातपुड्यातल्या कुडाच्या घरात तर वारा आरपार वाहतो, तिथे सोड्याचा वायू क्षणभरही थांबायचा नाही.

वायू हवेतून नाही तर मुळांतून मिळेल, असा पहिला आक्षेप घेतला जातो. मुळे विरघळलेला कार्बन थोडासा शोषतात हे किरणोत्सारी कार्बन वापरून केलेल्या प्रयोगांतून दिसले आहे, पण झाडाच्या एकूण गरजेत तो वाटा नगण्य असतो. शिवाय मुळांना या वायूचा दुष्काळ कधीच नसतो. मुळांच्या व जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीच्या पोकळ्यांतील हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपटही असते. कमतरता पडली तर ती प्राणवायूची, आणि कुंडीत पाणी तुंबले की मुळे कुजतात ती त्यामुळेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मिरची, पपई किंवा मनीप्लांटसारख्या झाडांत कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर अधूनमधून चुकून प्राणवायू पकडते. कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण वाढले की ही चूक कमी होते, त्यामुळे कमी उजेडातही थोडा फायदा मिळतो. हे खरे आहे. पण त्यासाठी पानाभोवतीचे प्रमाण दिवसभर, उजेड असताना, वाढलेले राहायला हवे. आठवड्यातून एकदा ओतलेल्या बाटलीने ते साधत नाही. उन्हातल्या दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात काही शे लक्सच. तिथे झाडाचे हात बांधलेले असतात ते उजेडाच्या अभावाने.

मग सोड्याने झाडे वाढल्याचे अनुभव खोटे का? तसे म्हणण्याची गरज नाही. १८६६ पासून झालेल्या अशा प्रयोगांचा आढावा एनॉक व ओलेसेन यांनी १९९३ मध्ये घेतला. त्यांतील उत्पन्नवाढीची सरासरी सुमारे ३ टक्के निघाली; काही प्रयोगांत फायदा, काहींत तोटा. जिथे फायदा झाला तिथे कारण बहुधा मातीच्या सामूचे (पीएचचे) असते. सोड्याचा सामू ४ च्या आसपास असतो. तापी खोऱ्यातल्या काळ्या मातीसारख्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी मातीत तो ओतला की तात्पुरती आम्लता येते आणि अडकून बसलेले लोह, जस्त, स्फुरद थोडे मोकळे होतात. पाने पिवळी पडलेल्या झाडाला त्याने तरतरी येऊ शकते. पण वायू उडाला की सामू पुन्हा मूळ जागी येतो. याच कामासाठी ठिबकवाले शेतकरी आम्ल वापरतात, ते स्वस्तही पडते आणि मोजूनही देता येते. काही बाटलीबंद सोड्यांत सोडियम बायकार्बोनेट व इतर क्षार असतात. पोटॅशियमचा क्षार असेल तर थोडा उपयोगच होतो, सोडियम मात्र कुंडीत साठत जाते आणि माती चोपण करते. गोड शीतपेयांबद्दल बोलायलाच नको, त्यांनी मुंग्या आणि बुरशी तेवढी पोसली जाते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न घरापुरता राहत नाही, कारण मिरची आणि पपईची रोपे इथे शेडनेटखाली ट्रेमध्ये वाढवली जातात. नंदुरबारची लाल मिरची पथारीवर वाळायला पडण्याआधी तिचे आयुष्य अशाच आडोशाखाली सुरू होते. नेदरलँड्समधील काचगृहांत कार्बन डाय-ऑक्साइड ७०० ते १,००० भागांपर्यंत मुद्दाम वाढवतात आणि पीक खरोखर वाढते, हे उदाहरण सोड्याच्या बाजूने दिले जाते. पण तिथली काचगृहे थंडीत बंद असतात, वायू आत टिकतो. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, जाळीतून वारा खेळता ठेवला नाही तर रोपे शिजतील. उघड्या जाळीत वायू सोडणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे. उलट शेणखताने जिवंत असलेली एक चौरस मीटर माती दिवसाला साधारण ५ ते २० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड स्वतःच सोडते. बाटलीभर वायू, रोज, पानांच्या अगदी खाली. जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला जाणारा ऊस, तसेच ज्वारी आणि मका ही पिके तर पानातच वायू एकवटून रुबिस्कोपर्यंत पोचवतात. उसातला हा मार्ग हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये उलगडला. या पिकांना वायूचा जादा रतीब लागतच नाही.

विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड खरोखर कामी येतो तो पाण्याखालच्या झाडांना. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, म्हणून भरपूर उजेड असलेल्या मत्स्यालयात सिलिंडरमधून तो बुडबुड्यांनी सोडतात आणि वनस्पती दिसामासाने वाढतात. तिथेही बाटलीतला सोडा एकदम ओतला तर सामू घसरून मासे गुदमरतात. कुंडीतल्या झाडासाठी मात्र ती बाटली घ्यायचे कारण नाही. कुंडी दोन हात सरकवून खिडकीशी ठेवली आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, तर झाडाला सोड्यापेक्षा जास्त मिळते.