कणसाच्या मधल्या दाण्यांचा इतिहास : मिसूरीकाठच्या एका बीजकरणीची गोष्ट

१/
उन्हाळा तोंडावर आला की परसबागेची हौस असलेल्या घरांत बियांच्या पुड्या उघडल्या जातात. मका, घेवडा, भोपळा. कोणते बी आधी पेरावे, कोणते थांबवावे, कोणते टाकून द्यावे, हे प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतात. आजचा धागा एका अशा स्त्रीविषयी आहे, जिच्या समाजाचे जगणेमरणे याच तीन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून होते.

२/
तिचे नाव बफेलो बर्ड वूमन. तिच्या स्वतःच्या भाषेत माक्सीदिवियाक. जन्म 1839 च्या सुमारास, आजच्या अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात, नाइफ नदीच्या काठी. ती हिदात्सा समाजाची. मॅन्डन आणि अरिकारा या शेजारी समाजांप्रमाणे हिदात्साही मिसूरी नदीच्या खोऱ्यात मातीच्या घुमटाकार घरांची गावे वसवून शेती करीत असत.

३/
तिच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, 1837 साली, या खोऱ्यात देवीची साथ आली होती. मॅन्डन समाज जवळजवळ नामशेष झाला; हिदात्सांचीही भीषण हानी झाली. वाचलेल्या लोकांनी 1845 च्या सुमारास एकत्र येऊन मिसूरीच्या एका वळणावर नवे गाव वसवले. नदीच्या वळणाचा आकार गळासारखा, म्हणून गावाचे नाव लाइक-अ-फिशहूक. लहानग्या बफेलो बर्ड वूमनने आजीच्या मागे फिरत शेतीचे पहिले धडे याच गावात घेतले.

४/
येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. 'रेड इंडियन' म्हटले की घोड्यावर स्वार होऊन बायसनच्या मागे धावणारा शिकारी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हिदात्सा शिकार करीत, हे खरे. परंतु त्यांच्या अन्नाचा मोठा आधार शेती होता आणि ती शेती स्त्रियांची होती. शेत घरातील स्त्रियांचे, बियाणे त्यांचे, पेवातल्या धान्याचा हिशेबही त्यांचाच. आईच्या बहिणींनाही हिदात्सा मुले 'आई'च म्हणत. अशा अनेक 'आयां'च्या हाताखाली मुलगी शेती शिके.

५/
जमीन कोणती? वरच्या माळरानाची नव्हे. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला तो माळ हाडाच्या कुदळीने फुटणारा नव्हता. या स्त्रिया नदीकाठची मळईची जमीन निवडत : पुराने आणलेल्या गाळाची, मऊ आणि सुपीक. झाडेझुडपे तोडून, जाळून ती मोकळी केली जाई. अवजारे तीनच : राखवृक्षाच्या लाकडाची टोकदार काठी, बायसनच्या खांद्याच्या हाडाची कुदळ आणि हरणाच्या शिंगाचे किंवा लाकडाचे दाताळे.

६/
आता खरा प्रश्न काळाचा. नॉर्थ डकोटाचा हिवाळा अतिकठोर. दहिवर न पडणारे दिवस वर्षात जेमतेम चार महिने. मका, भोपळा, घेवडा ही तिन्ही पिके मूळची उष्ण प्रदेशातली. मक्याचा उगम तर मेक्सिकोतला. शतकानुशतकांच्या निवडीतून ती इतक्या उत्तरेला पोचली होती. घाई केली तर बी थंड, ओल्या मातीत कुजते. उशीर केला तर कणीस भरण्याआधीच दहिवर पडते. चूक दोन्हीकडे आहे आणि दुरुस्तीला दुसरा हंगाम नाही.

७/
छापील पंचांग नसताना पेरणीचा दिवस ठरवायचा कसा? आपल्याकडे शेतकरी मृगाची वाट पाहतो. हिदात्सा स्त्रिया झुडपांकडे पाहत. नदीकाठच्या जंगली गूसबेरीच्या झुडपांना पाने जवळजवळ पूर्ण फुटली की मका टोकायला घ्यायचा. यामागचा तर्क अचूक आहे. तारीख दरवर्षी तीच येते, ऊब मात्र तशी येत नाही. झुडूप त्या वर्षीच्या उबेलाच उत्तर देते.

८/
पेरणीचा क्रमही ठरलेला. सर्वांत आधी सूर्यफूल, एप्रिलमध्ये, जमीन कामायोग्य होताच, शेताच्या कडेने. थोडी थंडी ते सोसते. मग मे महिन्यात मका. मेअखेर किंवा जूनच्या आरंभी भोपळा आणि त्यापाठोपाठ घेवडा. आजचे कृषिशास्त्र सांगते की मक्याचे बी साधारण 10 अंश सेल्सिअस तापलेल्या मातीत उगवू लागते, तर घेवडा आणि भोपळा यांना 15 अंशांहून अधिक ऊब लागते. हिदात्सांचा क्रम या आकड्यांशी तंतोतंत जुळतो, तोही तापमापकाशिवाय.

९/
मका ओळीने पेरीत नसत, टोकीत असत. सुमारे चार फुटांवर मातीचा एकेक उंचवटा करायचा आणि त्यात सहा ते आठ दाणे बोटांनी दाबायचे. काम पहाटे, ऊन चढण्यापूर्वी. पुढच्या वर्षी जुन्या उंचवट्याची माती पुन्हा भुसभुशीत करून तेथेच पेरणी. घेवडा बहुधा मक्याच्या ओळींच्या मधल्या जागेत. घेवड्याच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिरावते, हे पुढे विज्ञानाने सांगितले.

१०/
भोपळ्याची रीत अधिक नाजूक. बी थेट जमिनीत टाकीत नसत. सेज आणि बकब्रश या झुडपांची ओली पाने कुस्करून त्यांत बी मिसळायचे, ते बायसनच्या कमावलेल्या कातड्यात गुंडाळायचे आणि घरातल्या आगीच्या बाजूला टांगून ठेवायचे. दोन दिवसांत मोड येत. आपल्या घरी मटकीला मोड आणतात, तेच तत्त्व. बाहेरच्या मातीत ऊब पुरेशी नसेल, तर ती बियाला घरातच देऊन घ्यायची आणि हंगामाचे काही दिवस वाचवायचे.

११/
मोड आलेले बी उंचवट्याच्या माथ्यावर नव्हे, उतरत्या बाजूला लावीत. कारण बफेलो बर्ड वूमनने स्वतःच सांगितले आहे : पाऊस पडून गेल्यावर माथ्यावरची माती कडक पापुद्र्यासारखी बसते आणि कोवळा कोंब तो फोडू शकत नाही, उतारावर तो सहज बाहेर येतो.

१२/
आता या धाग्याचा गाभा : बियाण्याची निवड. सुगीनंतर उत्तम, भरदार, कठीण दाण्यांची कणसे वेगळी काढून त्यांच्या वेण्या विणीत. पेरणीसाठी दाणे काढताना त्या कणसाच्या दोन्ही टोकांचे दाणे बाजूला सारायचे आणि केवळ मधले घ्यायचे. टोकाचे दाणे बारीक, बुंधाचे ओबडधोबड. मधले एकसारखे आणि पुष्ट. म्हणजे निवड दोनदा होई : आधी कणसाची, मग कणसातल्या दाण्याची.

१३/
दुसरा नियम : बिजवाई एका वर्षाची नव्हे, निदान दोन वर्षांची ठेवायची. एखाद्या उन्हाळ्यात अकाली दहिवर पडून पीक गेले, तर एका वर्षाची बिजवाई ठेवणारे घर पुढच्या वसंतात रिकाम्या हाताने उभे राहील. बी जसजसे जुने होते तसतशी त्याची उगवण घटते, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून साठा दरवर्षी नवा करीत. ज्यांनी ही काळजी घेतली नाही, अशी कुटुंबे शहाण्या घरांकडे बियाणे विकत मागायला येत.

१४/
तिसरा नियम : वाण शुद्ध राखायचे. कठीण दाण्याचा पांढरा, मऊ पांढरा, कठीण पिवळा, मऊ पिवळा असे मक्याचे अनेक वाण त्यांच्याकडे होते आणि प्रत्येकाचा स्वयंपाकातला उपयोग निराळा. दोन वाण शेजारी लावले तर कणसांत रंग मिसळतात, हे त्यांनी पाहिले होते. मका 'प्रवास करतो', अशी त्यांची समजूत होती. आपण त्याला वाऱ्याने होणारे परागीभवन म्हणतो. शब्द वेगळा, निरीक्षण तेच, उपायही तोच : वेगवेगळे वाण दूरदूर लावायचे.

१५/
पीक उभे राहिले की राखण. शेतात मचाण बांधून मुली त्यावर बसत. कावळे, घोडे आणि कोवळी कणसे चोरणारी गावातली पोरे हाकलीत. तेथे बसून त्या मक्यासाठी गाणी म्हणत, कारण आई बाळाला जपते तसे पिकाला जपायचे, अशी त्यांची भावना होती. सुगीनंतर धान्य जमिनीतल्या सुरईच्या आकाराच्या, गवताने अस्तर लावलेल्या पेवांत जाई. 'पेव' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आपल्या जुन्या गावांतली पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना रचना लगेच कळेल.

१६/
मग सरकार आले. 1887 च्या डॉज कायद्याने आदिवासींच्या सामूहिक जमिनींचे वैयक्तिक तुकडे पाडण्याचे धोरण आणले. त्यामागचा दावा असा की भटक्या 'इंडियनां'ना शेतकरी बनवून सुसंस्कृत करायचे आहे. ज्या समाजाच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत होत्या, त्यांना शेती शिकवायला अधिकारी आले! लाइक-अ-फिशहूक गाव सुटले. कुटुंबे विखुरली. नांगरलेले माळरान आणि नव्या भाज्यांचे, नव्या धान्यांचे बियाणे त्यांच्या हाती देण्यात आले.

१७/
या दाव्याची परीक्षा 1911 साली झाली. सरकारी अधिकाऱ्याने राखीव क्षेत्रात कृषिप्रदर्शन भरवले आणि उत्तम मक्यासाठी बक्षिसे ठेवली. पहिले बक्षीस बफेलो बर्ड वूमनला मिळाले. जमीन नवी आणि नांगरलेली होती, एवढाच फरक. बाकी सारी मशागत तिने कुदळीने, जुन्या रीतीने केली होती. तेव्हा तिचे वय सत्तरीच्या पुढे होते. आमची जुनी रीत नव्या रीतीहून चांगली आहे, हे तिचे मत केवळ स्मरणरंजन नव्हते. त्यामागे बक्षीसपात्र कणसे होती.

१८/
हे सारे आपल्याला कसे कळते? गिल्बर्ट विल्सन नावाचा धर्मोपदेशक आणि मानववंशशास्त्राचा अभ्यासक 1906 पासून फोर्ट बर्थोल्ड राखीव क्षेत्रात येत असे. ती हिदात्सा भाषेत बोले, तिचा मुलगा एडवर्ड गुडबर्ड इंग्रजीत सांगे, विल्सन लिहून घेई. 1917 साली हे कथन मिनेसोटा विद्यापीठाने प्रसिद्ध केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे : हा आवाज दोन हातांतून गाळून आपल्यापर्यंत आला आहे. तरीही भोपळ्याचे बी उतारावर का लावायचे, यासारखा तपशील शेतात राबलेल्या माणसाखेरीज कोणाला सुचत नाही.

१९/
माणसे विखुरली, पण काही बी टिकले. 1880 च्या दशकात सन ऑफ स्टार नावाच्या हिदात्सा पुरुषाने बिस्मार्क येथील बियाणे व्यापारी ऑस्कर विल याला घेवड्याचे बी दिले. विलने त्यातून बाजारात आणलेला पांढरा वाण 'ग्रेट नॉर्दर्न' या नावाने अमेरिकाभर पसरला आणि आजही दुकानांत मिळतो. पाकिटावर कंपनीचे नाव असते. ज्या स्त्रियांनी तो वाण निवडून जपला, त्यांचे नसते.

२०/
बफेलो बर्ड वूमन 1932 साली वारली. तिच्या माघारी, मे 1948 मध्ये, गॅरिसन धरणाच्या करारावर सही होत असताना काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिन्ही समाजांचे प्रतिनिधी जॉर्ज जिलेट हाताने चेहरा झाकून रडताना दिसतात. 1953 साली धरणाने पाणी अडवले आणि राखीव क्षेत्रातली सुमारे दीड लाख एकर जमीन बुडाली. त्यात नदीकाठची तीच मळईची जमीन होती. लाइक-अ-फिशहूकची जागाही आज जलाशयाखाली आहे.

२१/
म्हणून हे 1917 चे पुस्तक आणि ते बी यांना ऐतिहासिक साधनांचे मोल आहे. जमीन गेली, रीत कागदावर राहिली आणि वाण काही परसबागांत. ढालीसारख्या ठिपक्यांचा हिदात्सा घेवडा आजही बीजसंवर्धक लावतात. मात्र कागद कपाटात शंभर वर्षे टिकतो, बी टिकत नाही. ते टिकवायचे तर दर काही वर्षांनी कोणीतरी पेरावेच लागते.

२२/
आपला या कथेशी संबंध किती? आपला श्रावण घेवडा, राजमा आणि तो 'ग्रेट नॉर्दर्न' ही एकाच वनस्पतिजातीची भावंडे आहेत. आपला मका आणि लाल भोपळाही अमेरिकेतूनच, सोळाव्या शतकाच्या आसपास, जुन्या जगात आले. आज त्यांना आपण 'गावरान' म्हणतो. त्यांच्या गावरानपणाच्या मागे आपल्याकडच्याही असंख्य आज्यांची निवड आहे. पण ती विचारून लिहून घेणारे फार थोडे भेटले.

२३/
तेव्हा मित्रहो, या उन्हाळ्यात घेवडा किंवा भोपळा लावणार असाल, तर दोन गोष्टी करा. माती उबदार होईपर्यंत थांबा. आणि घरात किंवा गावात कोणी आजी फळ्यावर, मडक्यात, राखेत बी राखून ठेवीत असेल, तर तिच्याशेजारी वही घेऊन बसा. कोणते बी ठेवता, कोणते टाकता आणि का, एवढेच विचारा. त्यातल्या 'का'चे उत्तर लिहून ठेवा.

धागा समाप्त. कोणाच्या घरी असे जुने वाण असतील, तर त्यांची नावे आणि ते राखण्याची रीत खाली अवश्य लिहा.