मोट, पर्स आणि हिरड्याचे पाणी

चामड्याची जुनी वस्तू घरी दुरुस्त करायला घेतली की आधी तिच्या कडा पाहाव्यात. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसली तर ते कातडे झाडांच्या सालींनी कमावलेले असते. मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमच्या क्षारांनी. शंका उरली तर कडेवर हिराकशीच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. सालीच्या कातड्यावर तो थेंब काळा पडतो, कारण सालीतले तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की शाई तयार होते. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस यांचीही शाई करत.

माझी आत्या राणीसावरगावात शिक्षिका होती. मुंबईहून आणलेली तिची खांद्याला अडकवायची पर्स माझ्याकडे आली, तेव्हा कोपरे घासून पांढरे पडले होते, शिवण दोन ठिकाणी उसवली होती आणि पट्टा भेगाळला होता. कडा तपासल्या तर अंग क्रोमचे आणि पट्टा सालीचा निघाला. एका पर्शीत दोन काळांचे कातडे होते. त्यांचा माग काढताना मी गावच्या विहिरींपाशी येऊन पोचलो.

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यातले. इंजिन आणि विजेचे पंप येण्यापूर्वी मराठवाड्यातली विहिरीवरची शेती मोटेवर चालत असे. कातड्याच्या मोटेला खाली सोंड, वर नाडा, सोंडेला सोंदूर. बैल धावेवरून उतरले की मोट वर येई आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. मोट दिवसभर ओली-सुकी होत राहिल्याने कातडे लवकर झिजे आणि ठिगळ लावणारा हात गावात हवाच असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याची ही सारी व्यवस्था वर्णिली आहे. सर्वसाधारणपणे मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे आणि शिवणकाम चांभारांकडे असे. गावाला पाणी देणारी मोट ज्यांच्या हातून तयार होई, त्यांतल्या अनेकांना त्याच गावाच्या पाणवठ्यावर हात लावायची मुभा नव्हती.

कमावण्याचे साहित्य बांधावरच मिळे. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, रापीने मांस खरवडायचे, मग सालीच्या पाण्यात कातडे आठवडेच्या आठवडे मुरवायचे. त्या कुंडांचा वास अंगातून जात नसे आणि त्या वासावरून माणसाची जात सांगितली जाई.

क्रोमची पद्धत अमेरिकेतून आली. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली तिचे पेटंट घेतले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, शिवाय हे कातडे पाण्याला आणि उष्णतेला अधिक टिके. विसाव्या शतकाच्या आरंभी अल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत क्रोमचे प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विहिरीच्या मोटाही होत्या. ओलाव्यात न कुजणारे कातडे शेतकऱ्याला हवेच होते. पुढे मोट मोडीत निघाली आणि क्रोमचे चामडे बूट, पाकिटे आणि पर्शींमध्ये गेले. धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ मुलखातून आलेल्या मुस्लिम कारागिरांनी कातडी कमावण्याचे उद्योग उभे केले होते. तिथे पुढे चामड्याच्या वस्तूंची मोठी बाजारपेठ झाली. आत्याची पर्स तिथल्याच एका दुकानातली.

दुरुस्तीत हा फरक पावलोपावली कामी आला. पर्शीच्या अंगावर रंगाचा थर असल्याने तेल आत शिरेना. ओलसर फडक्याने सौम्य साबण लावून मळ काढला, सावलीत सुकवले, घासलेले कोपरे बारीक पॉलिश पेपरने सारखे केले आणि चामड्याच्या रंगाचे पातळ थर एकावर एक दिले. पट्ट्याला मात्र तेल चालते, तेही बोटावर घेऊन थोडे. जास्त झाले तर कातडे लिबलिबीत होते आणि शिवणीचा दोरा धरत नाही. पण आत्याचा पट्टा तेलापलीकडे गेला होता. हात फिरवला की तांबूस भुकटी निघे. विशिष्ट सालींनी कमावलेल्या कातड्याला हवेतल्या गंधकाच्या वायूंनी जडणारा हा रोग आहे. ग्रंथालयांतल्या चामडी बांधणीची पुस्तके त्याने खराब झाली, म्हणून लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समिती नेमून त्याचा अभ्यास करवला होता. भुकटी निघू लागली की तेलाने कातडे परत येत नाही. पट्टा नवा करणेच भाग होते.

त्यासाठी गंगाखेडला एका वयस्क कारागिरांकडे गेलो. सालीच्या कातड्याची पट्टी त्यांनी कापून दिली, आरीने भोके पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याची दोन सुयांची शिवण शिकवली : एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई, म्हणजे एक टाका तुटला तरी दुसरा धरून राहतो. पट्टा काळा हवा होता. लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यात आंबवून त्यांनी ते पाणी फिरवले आणि तपकिरी पट्टी माझ्यासमोर काळी झाली. रंग वरून बसला नव्हता, तो कातड्यातच तयार झाला होता.

“मामा, ही विद्या तुमच्या मुलांना दिली का?” मी विचारले.

“नाही दिली, सर. दिली असती तर ते इथंच बसले असते. एक पोरगा तलाठी हाय, एक पुण्याला कंपनीत. तुम्हाला हौस हाय, तुम्ही शिका.”

कला लोप पावत असल्याची हळहळ आपण सहज लिहितो. मामांच्या उत्तरात ती नव्हती. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेली गुरे ओढायचे नाकारणे हा पुढे अस्पृश्यांच्या चळवळीचा भाग झाला आणि त्यापायी गावोगाव बहिष्कारही सोसावे लागले. हा नकार ज्यांनी दिला, त्यांना हातातल्या कसबाची किंमत ठाऊक नव्हती असे नाही. कसबासोबत जे बांधून दिले होते, ते त्यांना नको होते.

आज चित्र दोन टोकांना आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधल्या प्राडाच्या प्रदर्शनात तशाच चपला दिसल्या, तेव्हा कारागिरांचे नाव कुठे आहे हा प्रश्न विचारला गेला. दुसरीकडे हेच काम शहरी घरांत छंद म्हणून येत आहे. माझी पर्सही त्यातलीच. मी आठ दिवस रापी हातात धरली, हात धुतले आणि उठलो. मला कुणी पाणवठ्यावर अडवले नाही.

म्हणून या कसबाचे जतन करायचे म्हणताना ते कुणी करायचे, हा प्रश्न आधी घ्यावा लागेल. जन्माने ते कुणाच्या माथी मारले जाऊ नये, आणि ज्याला शिकायचे त्याला मजुरी व मान दोन्ही मिळावेत. हिरडा, बाभूळ, तरवड यांचे ज्ञान तेव्हाच वारशाच्या यादीत शोभेल. आत्याची पर्स आता माझी मुलगी कॉलेजात नेते. पट्टा काळा कसा झाला हे तिला सांगताना तो कुणी काळा केला आणि त्यांच्या मुलांनी ते काम का सोडले, हेही मी सांगतो.