बुद्धिबळातील 'हौशी' खेळाडू आणि जागतिक अजिंक्यपद : एका संकल्पनेचा इतिहास

१

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धानाची कापणी संपली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्या रंगमंचावर उभा राहणारा नट पावसाळ्यात पुष्कळदा बांधीत रोवणी करीत असतो आणि हंगामात मात्र नाटकाची बिदागी घेतो. त्याला हौशी म्हणावे की धंदेवाईक, या प्रश्नाला पुण्या-मुंबईच्या रंगभूमीने रूढ केलेल्या वर्गवारीत उत्तर सापडत नाही. वर्गवारी एका ठिकाणच्या समाजस्थितीतून जन्मते आणि दुसऱ्या ठिकाणी नेली असता अपुरी पडते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास नवी नाही. तथापि क्रीडेच्या इतिहासात 'हौशी' हा शब्द दीर्घकाळ स्वयंसिद्ध असल्यासारखा वापरला गेला. त्याची परीक्षा पाहावयाची तर बुद्धिबळासारखे उदाहरण नाही. कारण या खेळात हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद एकदा स्थापन झाले, चार वर्षांत मोडले, आणि पुढे अगदी निराळ्या अर्थाने पुन्हा उभे राहिले.

क्रीडाक्षेत्रातील हौशीपणाची व्याख्या मुळात इंग्लंडातील वर्गव्यवस्थेची निर्मिती होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील नौकानयनाच्या हौशी संघटनेने कारागीर व मजूर यांना, केवळ ते हाताने काम करतात म्हणून, हौशी मानण्याचे नाकारले. क्रिकेटमध्ये 'जंटलमन' व 'प्लेयर' हा भेद १९६२ पर्यंत टिकला. म्हणजे बक्षिसाचे पैसे घेतले की नाही, हा प्रश्न दुय्यम होता. खेळणारा कोणत्या घरातला, हा प्रश्न मुख्य होता. ऑलिंपिक चळवळीने हीच व्याख्या थोडी सौम्य करून स्वीकारली, आणि बुद्धिबळाचा हौशीपणाशी संबंध आला तो ऑलिंपिकच्याच मार्गाने.

२

१९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धा भरल्या. त्याच सुमारास, १२ ते २० जुलै या काळात, तेथे बुद्धिबळाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. बुद्धिबळाला ऑलिंपिकमध्ये अधिकृत स्थान नव्हते, परंतु ऑलिंपिकची छाया या स्पर्धेवर पूर्णपणे पडलेली होती : धंदेवाईक खेळाडूंना तीत प्रवेश नव्हता. १८ देशांतील ५४ खेळाडू जमले. त्यांचे ९ गट पाडण्यात आले व गटविजेत्यांमध्ये अंतिम फेरी झाली. लाटव्हियाचा हेर्मानिस मातिसन्स पहिला आला व हौशी जगज्जेता ठरला. त्याचाच देशबांधव आप्शेनिएक्स याने दुसरे स्थान मिळविले. प्रत्येक देशाच्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज करून सांघिक क्रमही लावण्यात आला व त्यात चेकोस्लोव्हाकिया अग्रस्थानी आला. स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, २० जुलै रोजी, १५ देशांच्या प्रतिनिधींनी जागतिक बुद्धिबळ महासंघाची स्थापना केली. 'फिडे' या संक्षिप्त नावाने ही संस्था पुढे सर्वत्र परिचित झाली. हॉलंडचे विधिज्ञ अलेक्झांडर रुएब हे तिचे पहिले अध्यक्ष झाले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणजे कापाब्लांका, लास्कर व अलेखिन हे होत. त्यांतील एकही या स्पर्धेत नव्हता. खुद्द जगज्जेतेपद म्हणजे आव्हान देणारा व विजेता यांच्यातील खाजगी करार होता, व त्यावर नव्या महासंघाचा काहीही अधिकार चालत नव्हता. अशा स्थितीत महासंघाच्या हाती देण्याजोगा एकच किताब उरला, तो हौशींचा. हौशी अजिंक्यपदाच्या स्थापनेमागे तत्त्वनिष्ठा जितकी होती तितकीच ही अगतिकताही होती, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

चार वर्षांनी, १९२८ साली, हेग येथे हा प्रयोग पुन्हा झाला. सांघिक ऑलिंपियाड हौशींपुरतेच मर्यादित ठेवण्यात आले व त्यात हंगेरीने विजय मिळविला. त्याच्या जोडीने झालेल्या वैयक्तिक स्पर्धेत हॉलंडच्या माक्स ऑयवे याने १५ डावांत १२ गुण मिळवून हौशी जगज्जेतेपद पटकाविले. पोलंडचा प्शेपिउर्का दुसरा व मातिसन्स तिसरा आला. ऑयवे हा गणिताचा शिक्षक होता. खेळ हे त्याच्या उपजीविकेचे साधन नव्हते, आणि या अर्थाने तो हौशीपणाचा आदर्शच ठरला असता.

परंतु हेगनंतर हा किताब बंद पडला. व्याख्येच्या कक्षेत कोणाला घ्यावे व कोणाला वगळावे, याचा निर्णय करणे व्यवहारात अशक्य झाले होते. वृत्तपत्रात बुद्धिबळाचे सदर लिहिणारा धंदेवाईक की हौशी? स्पर्धेत मिळालेले बक्षीस प्रवासखर्चातच संपणारा कोण? एखाद्या श्रीमंताच्या घरी राहून खेळणारा कोण? या प्रश्नांची उत्तरे देशपरत्वे निरनिराळी येत. शेवटी महासंघाने भेदच सोडून दिला. १९३० च्या हॅम्बर्ग ऑलिंपियाडमध्ये जगज्जेता अलेखिन फ्रान्सकडून व रुबिनस्टाइन पोलंडकडून खेळला आणि पोलंड विजयी झाला.

हा भेद खेळाच्या दर्जाचा नव्हता, हे पुढील घटनांनी सिद्ध केले. १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये मातिसन्सने अलेखिन व रुबिनस्टाइन या दोघांचाही पराभव केला. १९३५ साली ऑयवेने, शिक्षकाची नोकरी सांभाळून, अलेखिनकडून खरे जगज्जेतेपद १५.५ विरुद्ध १४.५ अशा गुणांनी जिंकून घेतले. हौशी म्हणून ज्यांना वेगळ्या पंगतीत बसविले होते, ते मुख्य पंगतीच्या योग्यतेचे होते.

३

या साऱ्या घडामोडींत भारत कोठे होता? पॅरिसच्या १८ देशांत तो नव्हता. याचे कारण खेळाचा अभाव हे खचितच नव्हे. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील काशीस्थ पंडित नीलकंठ भट्ट यांनी आपल्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे विवेचन केले आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजीत मुंबईस १८१४ साली छापला गेला. तो युरोपीय पद्धतीस जुळवून घेतला असल्याचे त्याच्या नावातच नमूद आहे, आणि खरी अडचण या जुळवून घेण्यातच दडलेली होती. देशी पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह लागला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल घेता येई. शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोहोचे तेच मोहरे बने. नियमांच्या या भेदामुळे डावाची गती संथ राही व आरंभीच्या चालींचे युरोपीय शास्त्र येथे निरुपयोगी ठरे. त्यामुळे येथला निष्णात खेळाडू आंतरराष्ट्रीय पटावर पहिल्या दहा चालींतच परका होई.

मीर सुलतान खान याच्या चरित्रात हे सर्व प्रश्न एकत्र आलेले दिसतात. पंजाबातील हा खेळाडू देशी पद्धतीत वाढला. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाने त्याने युरोपीय नियम आत्मसात केले, १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, आणि पुढल्याच वर्षी इंग्लंडात ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३२ व १९३३ साली त्याने ते पुन्हा जिंकले. १९३० ते १९३३ या काळात तीन ऑलिंपियाडांत तो ब्रिटनच्या पहिल्या पटावर बसला, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरविले. याच घरातील फातिमा या सेविकेने १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी सुलतान खान आपल्या धन्यासोबत मायदेशी परतला आणि आंतरराष्ट्रीय खेळातून कायमचा निवृत्त झाला.

सुलतान खान हौशी की धंदेवाईक? तो खेळावर पोट भरीत नव्हता, म्हणून धंदेवाईक नव्हे. पण स्वेच्छेने विरंगुळ्यासाठी खेळणारा सुखवस्तू गृहस्थही तो नव्हता. तो आश्रित होता. आश्रय ही भारतीय कलाजीवनातील जुनी संस्था. गवई, पहिलवान व बुद्धिबळपटू तिच्याच आधाराने जगत आले. युरोपच्या द्विपदी वर्गवारीत या तिसऱ्या स्थितीला नावच नव्हते. आश्रयाने खेळाडूला वेळ दिला, परंतु आपल्या खेळाचे पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार दिला नाही. सुलतान खानास सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब फिडेने दिला तो २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

४

स्वातंत्र्योत्तर काळात आश्रयाची जागा संघटनेने घेतली. महाराष्ट्रात सांगली हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय : १९४१ साली तेथे स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने व त्याचे आधारस्तंभ भाऊसाहेब पडसलगीकर यांनी स्पर्धांची परंपरा उभी केली. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. दुसऱ्याच वर्षी मॉस्को ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघ प्रथमच उतरला. या पिढीचे खेळाडू बहुतेक नोकरीधंदा सांभाळून खेळणारे होते. व्याख्येची कसोटी लावली असती तर ते सर्व हौशीच ठरते. पण आता ती कसोटी कोणीच लावीत नव्हते.

भिंती मात्र संपल्या नव्हत्या. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत, व त्या वेळी त्यांचे वय अवघे १३ वर्षांचे होते. या प्रवेशावरून वाद माजला व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेरीस महासंघाच्या अध्यक्षांनी असा निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदांतून महिलांना वगळता येणार नाही. हे अध्यक्ष म्हणजेच माक्स ऑयवे, १९२८ चे हौशी जगज्जेते. जो खेळाडू एका वर्जनाच्या नियमामुळे प्रथम जगज्जेता म्हणविला गेला, त्यानेच पन्नाशीच्या आत दुसरे वर्जन रद्द ठरविले. रोहिणी खाडिलकर यांनी पुढे १९८१ साली हैदराबाद येथे आशियाई महिला अजिंक्यपद जिंकले.

५

हौशी जागतिक स्पर्धा पुढे पुन्हा सुरू झाल्या, परंतु त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना बदलली होती. आता खेळाडूच्या उत्पन्नाची वा घराण्याची चौकशी होत नाही. पाहिले जाते ते त्याचे गुणांकन. २३००, २००० व १७०० या मर्यादांखालील खेळाडूंचे स्वतंत्र गट पाडले जातात. म्हणजे जो अद्याप निष्णातांच्या पंक्तीस पोहोचलेला नाही तो हौशी. नैतिक वा सामाजिक अर्थ गळून जाऊन शब्दाला निव्वळ सांख्यिकी अर्थ आला.

ही कसोटी अधिक न्याय्य आहे, यात संशय नाही. तथापि तिचाही स्वतंत्र इतिहास आहे. प्राध्यापक आर्पाद एलो यांची पद्धती महासंघाने १९७० साली स्वीकारली, तेव्हा आंतरराष्ट्रीय यादीत नाव येण्यास साधारणतः २२०० गुण लागत. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे खेळणारा चांगला खेळाडू त्या यादीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. १९९३ साली ही मर्यादा २००० वर आणली गेली व पुढे टप्प्याटप्प्याने उतरत २०१२ साली १००० पर्यंत आली. शाळकरी मुले, कारकून, सेवानिवृत्त शिक्षक असे लक्षावधी सामान्य खेळाडू प्रथमच मोजले जाऊ लागले. १ मार्च २०२४ पासून ही तळरेषा पुन्हा १४०० वर नेण्यात आली.

गुणांकन मिळते ते गुणांकन असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळूनच. हा नियम गणिताच्या दृष्टीने अपरिहार्य असला तरी त्याचा भौगोलिक परिणाम दुर्लक्षिण्यासारखा नाही. शहरातील मुलास असे प्रतिस्पर्धी शेजारच्या गल्लीत भेटतात. लाखांदूर वा पवनीच्या मुलास त्यांच्यासाठी प्रवास करावा लागतो, मुक्कामाचा व प्रवेशशुल्काचा खर्च सोसावा लागतो. जुन्या व्याख्येने गरिबाला स्पष्ट शब्दांत दाराबाहेर ठेवले होते. नवी व्याख्या दार सताड उघडे ठेवते, पण दारापर्यंतचा रस्ता ज्याचा त्याने चालावयाचा असतो.

हा रस्ता विदर्भातून चालता येतो, याचा पुरावा आता शेजारीच आहे. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला व त्याचबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळविला. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी कोनेरू हंपी हीही भारतीयच होती. १९२४ साली ज्या देशाचा एकही खेळाडू पॅरिसच्या पटावर नव्हता, त्याच देशाच्या दोन महिलांमध्ये १०१ वर्षांनंतर हा निर्णायक सामना झाला. परंतु नागपूरच्या यशावरून भंडाऱ्याच्या स्थितीचे अनुमान काढता येत नाही. एका अजिंक्यवीराच्या मागे प्रशिक्षण, प्रवास व कुटुंबाचा त्याग यांची जी व्यवस्था उभी असते, ती जिल्ह्याजिल्ह्यांत सारखी वाटली गेलेली नसते.

सारांश, 'हौशी' या शब्दाने बुद्धिबळाच्या इतिहासात तीन वेळा अर्थ बदलला. प्रथम तो घराण्याचे लक्षण होता, नंतर उपजीविकेचे, आणि शेवटी गुणसंख्येचे. प्रत्येक अर्थाने कोणाला तरी आत घेतले व कोणाला तरी बाहेर ठेवले. म्हणून क्रीडेच्या इतिहासात विजेत्यांच्या नामावलीइतकेच प्रवेशाच्या नियमांचेही वाचन अगत्याचे आहे. विजेत्यांच्या यादीत सुलतान खान सापडतो. पण तो १९३३ नंतर पटावर का दिसला नाही, हे त्या यादीतून कळत नाही.