धातूवर स्क्रीन प्रिंटिंग : छपाईपेक्षा तयारी महत्त्वाची

लग्नपत्रिका आणि टी-शर्ट यांच्या छपाईमुळे स्क्रीन प्रिंटिंग हे तंत्र आपल्या परिचयाचे आहे. त्याच साहित्यावर अॅल्युमिनियमची नेमप्लेट किंवा स्टीलची पट्टीही घरी छापता येते. मात्र कागदावर बसलेला हात येथे हमखास फसतो. कागद शाई शोषून घेतो, धातू शोषत नाही. शाई केवळ पृष्ठभागाला चिकटून राहते. त्यामुळे पहिल्या दिवशी सुबक दिसणारी अक्षरे आठवडाभरात नखाने निघू लागतात.

मूळ पद्धत तीच आहे. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये तिचे पेटंट घेतले, तेव्हा जाळी रेशमाची असे. आता ती पॉलिएस्टरची असते. चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदी इमल्शन लावून त्यावर नक्षीची काळी फिल्म ठेवतात व अतिनील प्रकाश देतात. उघडे राहिलेले इमल्शन कडक होते, फिल्मखालचे पाण्याने धुऊन जाते. त्या मोकळ्या जागेतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, शाई खाली उतरते. कापडासाठी सेंटिमीटरला ४३ ते ५५ धाग्यांची जाळी चालते. धातूवरील बारीक अक्षरांना ९० ते १२० धाग्यांची लागते. जाळी आणि पत्रा यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे, अन्यथा कडा फिसकटतात.

खरी मेहनत स्वच्छतेची. पत्रा साबणाने घासून धुवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पाण्याचा थर सलग पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब थेंब गोळा झाले तर तेलकटपणा शिल्लक आहे. यानंतर बोटही लावू नये. पितळी वस्तूंवर बहुधा पारदर्शक लॅकर असते, तेही काढावे लागते. साबणाचे दोन रुपये वाचवून महागडी शाई वाया घालवणारे हौशी कमी नाहीत!

शाई हार्डनर मिसळून वापरावयाची इपॉक्सी प्रकारची घ्यावी. मिश्रण काही तासच टिकते, म्हणून लागेल तेवढेच करावे. शाई स्पर्शाला लवकर कोरडी वाटली तरी पूर्ण पक्की होण्यास अनेक दिवस लागतात. भट्टीत उष्णता दिल्यास हा काळ पुष्कळ घटतो. परंतु स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नये. पक्की झाल्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यावर चिकटपट्टी लावावी व झटक्यात ओढावी. शाई निघाली नाही, तरच पाटी दारावर लावावी.

थिनरची वाफ पेट घेते व श्वासालाही अपायकारक असते. खिडक्या उघड्या हव्यात, गॅसची शेगडी बंद हवी. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमधील डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. त्याऐवजी डायझो प्रकारचे इमल्शन घ्यावे. अन्नाचा स्पर्श होईल अशा बाजूवर छपाई करू नये.