फोर्टातला पाऊस आणि वऱ्हाडाकडचा कापूस

मुंबईचा फोर्ट बघायचा तर एकट्याने आणि पावसात. मित्र बरोबर असले की अर्धा वेळ 'खायचं कुठे' यात जातो, आणि उन्हात मान वर करवत नाही. म्हणून परवाच्या शनिवारी पुण्याहून सकाळची गाडी पकडली आणि सीएसएमटीला उतरलो. पाठीवर सॅक, हातात छत्री, डोक्यात ऑफिस नाही!

मी मूळचा हिंगणीचा. वर्धा जिल्हा, बोर धरणाजवळचं गाव. आमच्याकडे कापूस. त्यामुळे या इमारती बघताना मला एकच प्रश्न पडतो: एवढा पैसा आला कुठून?

उत्तर बरंचसं कापसातच आहे.

डी. एन. रोडच्या कमानींखालून न भिजता चालत हॉर्निमन सर्कलला पोचलो. टाऊन हॉलसमोरच्या या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असत. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलवला. पण खरी धमाल पुढेच झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळे वळले मुंबईकडे. लिव्हरपूलला भाव सुमारे चौपट झाला.

पैसा नुसता ओतला गेला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने १८६२ पासून किल्ल्याचे तट पाडायला घेतले, शहर मोकळं झालं. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. २००० सालच्या डॉटकॉम फुग्याच्या गोष्टी ऐकल्यात ना? तेच, फक्त पगडी घालून.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं आणि फुगा फुटला. या सगळ्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद दिवाळखोर झाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. पण त्याआधीच, १८६४ साली, प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये देऊन ठेवले होते. तोच राजाबाई टॉवर, १८७८ साली पूर्ण झाला. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, जो भारतात कधी आलाच नाही. ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहून पावसात तो बघितला. सुंदर आहे, यात वादच नाही.

आता आमच्याकडची बाजू बघू. 'हिंगणघाट' हे नाव तेव्हा कापसाच्या बाजारात उत्तम जातीचं म्हणून चालायचं. पण तेजीच्या त्या चार वर्षांत आमच्या भागात रेल्वे होती कुठे? माल बैलगाड्यांवर, पावसाळ्यात रस्ते चिखलाचे. जीआयपीची लाइन नागपूरला पोचली १८६७ साली, म्हणजे फुगा फुटून दोन वर्षं झाल्यावर! पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवलं तेही १८६६ साली. म्हणजे आमचं जिल्ह्याचं गाव आणि राजाबाई टॉवर तसे एकाच पिढीतले.

रेल्वेने कापूस मुंबईला लवकर पोचू लागला हे खरं. पण त्याच रुळांनी आमच्या शेताचा भाव लिव्हरपूलला कायमचा बांधून टाकला. पूर्वी पाऊस चुकला की शेतकरी बुडायचा. आता चांगल्या पावसातही बुडायची सोय झाली, कारण भाव ठरणार समुद्रापलीकडे.

तेजीत मुंबईला मनोरे मिळाले. ती ओसरल्यावर मुंबईकडे शाबूत इमारती उरल्या, कापूस पिकवणाऱ्याकडे पुढच्या हंगामाचं बियाणं आणि सावकाराची वही. आजही सीसीआयच्या खरेदी केंद्रावर रांगेत उभा असलेला माणूस भाव विचारतो, सांगत नाही. फोर्टातल्या इमारती जरूर बघा, मनसोक्त फोटो काढा. फक्त दगडात थोडा कापूसही आहे, एवढं लक्षात असू द्या.